‘हिरवा कंदील’ मिळाला म्हणजे नेमकं काय मिळालं? इंग्रजी ‘ग्रीन लाइट’चा उगम आणि हिवरखेडच्या रेल्वेची गोष्ट

‘प्रकल्पाला हिरवा कंदील’. मराठी वर्तमानपत्रांत हा मथळा वर्षानुवर्षं छापला जातोय. मेट्रो असो, धरण असो, नोकरभरती असो की दोन पक्षांची युती, प्रत्येकाला कधी ना कधी हिरवा कंदील मिळतो. प्रत्यक्षात कंदील मात्र आपल्या घरातून केव्हाच गेला. शहरात तो दिसतो फक्त दिवाळीत, तोही आकाशकंदील म्हणून. मग मंजुरीच्या बातमीत हा कंदील आला कुठून? इंग्रजीत ‘ग्रीन लाइट’ म्हणतात, हिंदीत ‘हरी झंडी’. मराठीने कंदीलच का उचलला?

याचं उत्तर रेल्वे स्टेशनवर आहे. आणि ते समजून घ्यायला वऱ्हाडातलं हिवरखेड ही अगदी योग्य जागा आहे. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या गावातून मीटर गेजची गाडी जायची. २०१७ च्या सुरुवातीला ती बंद झाली. त्यानंतर या मार्गाच्या बातम्यांत ‘हिरवा कंदील’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले. रुळावरचा हिरवा दिवा आणि बातमीतला हिरवा कंदील यांत किती अंतर असतं, हे हिवरखेडकरांइतकं कोणाला ठाऊक असणार?

थोडक्यात

• ‘ग्रीन लाइट देणे’ हा इंग्रजी वाक्प्रचार रेल्वे सिग्नलवरून आला. रस्त्यावरचे ट्रॅफिक सिग्नल नंतरचे.
• सुरुवातीच्या रेल्वेत हिरव्याचा अर्थ ‘जा’ नव्हता, ‘जपून जा’ असा होता. ‘जा’साठी पांढरा दिवा होता.
• मराठीतला ‘कंदील’ आला तो गार्ड आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांच्या हातातल्या रंगीत काचांच्या दिव्यामुळे.
• रेल्वेत हिरवा म्हणजे ‘पुढचा मार्ग तपासला आहे, आता निघा’. बातमीत हिरवा म्हणजे बऱ्याचदा ‘अनेक परवानग्यांपैकी एक मिळाली’.

‘ग्रीन लाइट’ म्हणजे काय?

इंग्रजीत एखाद्या कामाला ‘ग्रीन लाइट’ दिला म्हणजे ते सुरू करायला परवानगी दिली. हॉलिवूडमध्ये तर त्याचं क्रियापदच झालंय. स्टुडिओने सिनेमासाठी पैसे द्यायचं ठरवलं की सिनेमा ‘ग्रीनलाइट’ झाला असं म्हणतात. अर्थ सरळ आहे. कोणाच्या तरी हातात थांबवण्याचा अधिकार होता, त्याने तो वापरला नाही आणि वाट मोकळी केली.

इथे एक बारकावा आहे. ज्याला परवानगी हवी तो या वाक्प्रचारात गाडीच्या जागी असतो आणि परवानगी देणारा सिग्नलच्या जागी. सिग्नल स्वतः गाडी ओढत नाही. इंजिन, डबे, चालक, कोळसा किंवा डिझेल हे सगळं आधीच तयार आहे आणि फक्त इशाऱ्याची वाट आहे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. हे गृहीतक पुढे फार कामाला येणार आहे.

हिरवा आधी ‘जा’ नव्हता

१८३० मध्ये इंग्लंडमध्ये लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांना जोडणारी रेल्वे सुरू झाली. त्या काळात खांबावरचे सिग्नल नव्हते. रुळांच्या कडेला रेल्वेचे शिपाई उभे असत. दिवसा हाताने किंवा झेंड्याने आणि रात्री दिव्याने ते इशारा करत. कंपन्या वाढल्या तशा प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या होऊ लागल्या. म्हणून १८४१ मध्ये बर्मिंगहॅम इथे रेल्वे कंपन्यांची बैठक झाली आणि रंगांची एकच भाषा सुचवली गेली. लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे सावधान आणि पांढरा म्हणजे मार्ग मोकळा.

लाल धोक्याचा का, हे सहज पटतं. रक्त आणि आग यांच्याशी तो जोडलेला आहे. शिवाय त्याची तरंगलांबी जास्त असल्याने हवेत तो कमी विखुरतो. पण पांढऱ्या दिव्याने घोळ घातला.

पहिली अडचण काचेची. सिग्नलमध्ये रॉकेल किंवा तेलाचा साधा दिवा असे आणि त्याच्यासमोर रंगीत काच. लाल काच फुटून पडली तर मागे उरतो तो उघडा, पांढरट दिवा. म्हणजे ‘थांबा’ सांगणारा सिग्नल बिघडला की आपोआप ‘या, मार्ग मोकळा आहे’ असं सांगू लागे. दुसरी अडचण आजूबाजूच्या उजेडाची. शहरं वाढली, रस्त्यावर गॅसचे दिवे आले. चालकाला लांबून दिसणारा पांढरा ठिपका सिग्नलचा, एखाद्या घरातला की आकाशातल्या ताऱ्याचा, हे कळेना.

२१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमधल्या ॲबट्स रिप्टन इथे मोठा अपघात झाला. बर्फामुळे सिग्नलचे हात ‘मोकळा’ स्थितीतच गोठून अडकले होते. एक एक्स्प्रेस पुढच्या कोळशाच्या मालगाडीवर आदळली आणि त्या अवशेषांवर नंतर दुसरी एक्स्प्रेस येऊन धडकली. सिग्नल बिघडला तर त्याने ‘थांबा’च सांगितलं पाहिजे, हा धडा त्यातून पक्का झाला. अभियांत्रिकीत यालाच ‘फेल-सेफ’ म्हणतात. यंत्र चुकलं तरी चूक सुरक्षित बाजूला झाली पाहिजे.

त्यानंतरच्या काळात ब्रिटिश रेल्वेने पांढरा दिवा ‘मोकळा’ या अर्थातून काढून टाकला आणि १८९० च्या दशकापर्यंत त्या जागी हिरवा रुळला. हिरवी काच फुटली तर पांढरा दिसेल आणि पांढरा म्हणजे आता बिघाड, म्हणजे थांबा. ‘सावधान’ची रिकामी झालेली जागा पुढे पिवळ्याने घेतली. थोडक्यात, हिरव्याला बढती मिळाली ती दुसऱ्याच्या चुकांमुळे.

आणखी एक गंमत. सिग्नलची जुनी हिरवी काच दिवसा पाहिली तर हिरवी कमी आणि निळसर जास्त दिसते. तेलाच्या ज्योतीचा उजेड पिवळा असतो. पिवळ्या उजेडापुढे निळसर काच धरली की लांबून दिसतो तो स्वच्छ हिरवा. काच घडवताना ज्योतीचा रंग हिशेबात धरलेला असे.

लंडनच्या चौकातला दिवा

ट्रॅफिक सिग्नलवरून हा वाक्प्रचार आला असं अनेकांना वाटतं. पण रस्त्याने ही कल्पना रेल्वेकडूनच उसनी घेतली. १० डिसेंबर १८६८ रोजी लंडनमध्ये ब्रिटिश संसदेजवळ जगातला पहिला ट्रॅफिक सिग्नल उभा राहिला. तो बनवणारे जे. पी. नाइट रेल्वेचे अभियंते होते. दिवसा रेल्वेसारखे हलणारे हात आणि रात्री लाल-हिरवे गॅसचे दिवे, अशी त्याची रचना होती. त्या वेळच्या रेल्वेप्रमाणेच तिथेही हिरव्याचा अर्थ ‘सावकाश, जपून’ असाच होता. महिनाभरात, २ जानेवारी १८६९ रोजी, गॅसचा स्फोट होऊन तो हाताळणारा पोलीस जखमी झाला आणि प्रयोग गुंडाळावा लागला. विजेवर चालणारे सिग्नल विसाव्या शतकात आले, तेव्हा मात्र हिरवा म्हणजे ‘जा’ हे ठरून गेलं होतं.

सिग्नलचा वाक्प्रचार कसा झाला?

रुळांवरचा शब्द कचेऱ्यांत, राजकारणात आणि खेळात शिरला तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मुख्यतः अमेरिकेत. त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण एका पत्राचं आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका नुकतीच उतरली होती. अशा वेळी बेसबॉलचे सामने भरवावेत का, असा प्रश्न बेसबॉलचे आयुक्त केनसॉ माउंटन लँडिस यांना पडला. त्यांनी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना विचारलं. रूझवेल्ट यांनी १५ जानेवारी १९४२ रोजी उत्तर पाठवलं. बेसबॉल चालू ठेवणं देशाच्या हिताचं आहे, लोक जास्त वेळ काम करणार आहेत तर त्यांना विरंगुळाही हवा, असा त्याचा आशय होता. हे पत्र आजही ‘ग्रीन लाइट लेटर’ म्हणून ओळखलं जातं.

पण त्या पत्रात आणखी एक गोष्ट होती. अंतिम निर्णय आयुक्त आणि संघमालकांचा आहे, आपण मांडतोय ते वैयक्तिक मत आहे, अधिकृत नव्हे, असं रूझवेल्ट यांनी स्पष्ट केलं होतं. म्हणजे इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध ‘ग्रीन लाइट’सुद्धा काटेकोरपणे पाहिलं तर आदेश नव्हता. लोकांनी त्यात आदेश वाचला. वाक्प्रचार इथेच रेल्वेपासून सुटतो. सिग्नलचा हिरवा वैयक्तिक मत असू शकत नाही. माणसांचा हिरवा असू शकतो.

मराठीत कंदीलच का?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली. त्याच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ भुसावळवरून वऱ्हाड ओलांडत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचले. वऱ्हाडातल्या कापसाला मुंबईची वाट मिळाली आणि वऱ्हाडातल्या माणसाला लाल-हिरव्या दिव्यांची भाषा.

गावातल्या लोकांना खांबावरचा सिग्नल लांबून दिसायचा. जवळून दिसायचा तो गार्डच्या, पॉइंट्समनच्या किंवा स्टेशन मास्तरच्या हातातला दिवा. चौकोनी किंवा गोल डबा, वर धरायला कडी, आत तेलाची वात आणि फिरवता येणाऱ्या लाल-हिरव्या काचा. हातातली कळ फिरवली की रंग बदले. मराठी माणसाकडे अशा वस्तूला आधीपासून शब्द होता: कंदील. ‘लाइट’चं भाषांतर शब्दकोश उघडून केलं असतं तर ‘हिरवा प्रकाश’ किंवा ‘हिरवा दिवा’ झालं असतं. लोकांनी डोळ्यांना दिसलं ते नाव दिलं.

‘कंदील’ हा शब्दही मोठा प्रवास करून आलेला आहे. मुळात लॅटिन ‘कँडेला’, तिथून अरबी ‘किंदील’, मग फारसीतून आपल्याकडे. इंग्रजी ‘कँडल’ त्याच लॅटिन शब्दाचं लेकरू. म्हणजे मेणबत्तीची ‘कँडल’ आणि आपला ‘कंदील’ ही एकाच घराण्यातली भावंडं. इंग्रजांच्या गाडीवरून मराठीत आलेला वाक्प्रचार ज्या शब्दात बसला, त्याचं इंग्रजीशी नातं असं आधीचंच होतं.

हिंदीने याच रेल्वेतून दुसरी वस्तू उचलली. रात्री दिवा तसा दिवसा झेंडा, म्हणून हिंदीत मंजुरीला ‘हरी झंडी’ म्हणतात. मराठीत दोन्ही राहिले, पण कामं वाटून घेऊन. मंजुरी मिळाली की ‘हिरवा कंदील’. गाडी, फेरी किंवा मॅरेथॉन प्रत्यक्ष सुटताना मात्र पाहुणे ‘हिरवा झेंडा’ दाखवतात. कंदील आधी, झेंडा नंतर. या दोन्हींच्या मध्ये किती वर्षं जातात, ते मथळ्यात लिहिलेलं नसतं.

हिवरखेडहून निघालेली जुनी गाडी सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात खंडव्याला जायची. म्हणजे हा मार्ग ‘हिरव्या कंदिला’च्या मुलखातून ‘हरी झंडी’च्या मुलखात जाणारा होता.

एक गैरसमजही दूर करू. गावाच्या नावातला ‘हिवर’ आणि ‘हिरवा’ यांचा संबंध नाही. हिवर हे बाभळीच्या कुळातलं, फिकट सालीचं काटेरी झाड आणि खेड म्हणजे गाव. वऱ्हाडात या नावाची आणखी गावं आहेत. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातही एक हिवरखेड आहे. इथे बोलतोय ते तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडबद्दल.

स्टेशनवर हिरव्याचा अर्थ काय असतो?

एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. या तुकड्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. अ स्टेशनच्या मास्तरला गाडी सोडायची असेल तर तो आधी ब स्टेशनला विचारतो. ब स्टेशनला खात्री करावी लागते की आधीची गाडी पूर्ण आत आली आहे आणि रूळ मोकळा आहे. मग तो ‘लाइन क्लिअर’ देतो. जुन्या पद्धतीत यासोबत यंत्रातून एक टोकन निघे. वेताच्या मोठ्या कडीला बांधलेल्या थैलीत ते घालून चालकाच्या हातात दिलं जाई. एका टोकन बाहेर असताना दुसरं निघतच नसे. सिग्नल आणि टोकन दोन्ही असल्याशिवाय गाडी पुढे जात नसे.

जुन्या सिग्नलचा आडवा हात खाली झुकला की मार्ग मोकळा. म्हणूनच गावाकडे ‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडी आली असं समजून लोक फाटकातून धावत सुटत. इतर कुठे एखादी गोष्ट ‘पडली’ म्हणजे ती संपली. सिग्नल पडला की काम सुरू.

तेव्हा रुळावरच्या हिरव्यात तीन गोष्टी असतात. पुढचा तुकडा तपासलेला आहे. तपासणाऱ्याची जबाबदारी नोंदवलेली आहे. आणि परवानगी आत्तासाठी, याच गाडीसाठी आहे.

आजच्या रंगीत दिव्यांच्या सिग्नलमध्ये चार खुणा असतात. लाल म्हणजे थांबा. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने या. दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल वेग कमी ठेवून ओलांडायच्या तयारीत राहा. हिरवा म्हणजे पूर्ण वेगाने चला. रेल्वेला ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मधल्या अवस्थाही सांगता येतात. बातमीच्या मराठीत मात्र पिवळ्याला शब्दच नाही. तिथे जे लाल नाही ते सगळं हिरवं.

हिवरखेडच्या गाडीचं काय झालं?

अकोला ते खंडवा हा सुमारे १७६ किलोमीटरचा मीटर गेज मार्ग. अकोट, अडगाव बुद्रुक, हिवरखेड, वान रोड, धूळघाट, तुकईथड अशी त्यावरची स्टेशनं. हिवरखेड सोडलं की सपाट काळी जमीन संपायची आणि पुढे वान रोडपासून सातपुड्याचा चढ लागायचा. धूळघाटाजवळ चढ कापण्यासाठी रुळांना असा वळसा दिला होता की गाडी वर चढून स्वतःच्याच मार्गावरून जायची. वरून तो आकार ४ च्या आकड्यासारखा दिसतो, म्हणून लोक त्याला ‘चारचा आकडा’च म्हणत. जयपूरहून हैदराबादच्या काचीगुडाला जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच मार्गाने धावत असे.

मीटर गेजमध्ये दोन रुळांतलं अंतर १,००० मिलिमीटर असतं, ब्रॉड गेजमध्ये १,६७६. देशभर ब्रॉड गेज करायचं धोरण १९९२ मध्ये आलं. इथला पूर्णा ते अकोला हा दक्षिणेकडचा भाग २००८ पर्यंत रुंद झाला. उत्तरेकडच्या रतलाम-महू-खंडवा-अकोला या सुमारे ४७३ किलोमीटरच्या रुंदीकरणाला २००८-०९ मध्ये मंजुरी मिळाली. पहिला हिरवा कंदील तो.

२०१७ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी मीटर गेजची वाहतूक थांबली. नवं येण्याआधी जुनं गेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये अकोला-अकोट ब्रॉड गेजवर प्रवासी गाडी सुरू झाली, म्हणजे झेंडा अकोटपर्यंत आला. हिवरखेड अकोटच्या पुढे आहे.

कापूस, संत्री, केळी आणि पानपिंपरी पिकवणाऱ्या या पट्ट्यासाठी रेल्वे म्हणजे केवळ सोय नाही. अकोल्याला दवाखान्यात, कॉलेजात किंवा कोर्टात जायचं तर स्वस्त पर्याय तोच होता. गाडी गेली की तिकिटातला फरक रोज खिशातून जातो.

कोणाचा हिरवा, कोणाचा लाल?

मंजुरी असूनही गाडी अडली, कारण पुढच्या ब्लॉकमध्ये वाघ होता. जुना मार्ग सुमारे ३९ किलोमीटर मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात होता. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ अभयारण्यांत मेळघाट आहे. मीटर गेजवर गाड्या मोजक्या आणि संथ होत्या. ब्रॉड गेज म्हणजे जास्त वेग, जास्त गाड्या आणि रात्रंदिवस मालवाहतूक. त्याच काळात या प्रकल्पातल्या अनेक गावांचं पुनर्वसन करून जंगल मोकळं केलं जात होतं. माणसं बाहेर काढायची आणि एक्स्प्रेस आत आणायची, हा विरोधाभास वन्यजीव अभ्यासकांनी मांडला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं.

दुसरीकडे जुन्या मार्गावरची गावं म्हणत होती की आमची गाडी आधीपासून होती, नवीन काही मागत नाही. दोन्ही बाजूंकडे खरं कारण होतं.

२०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून मेळघाटाबाहेरच्या पर्यायी मार्गाची मागणी केली. या पर्यायात गाडी हिवरखेडपर्यंत जुन्याच दिशेने येते. मग सातपुड्यात न शिरता पश्चिमेला वळून बुलढाणा जिल्ह्यातल्या सोनाळा, जामोद भागातून मध्य प्रदेशातल्या खकनारकडे जाते आणि तुकईथडला जुन्या मार्गाला मिळते. वळसा वाढतो, खर्च वाढतो. पण ज्या भागात रेल्वे कधीच नव्हती तिथे ती पोहोचते आणि वाघाचं घर वाचतं. रेल्वेने पुढे हाच पर्याय स्वीकारला.

हिवरखेडचं स्थान यात विशेष आहे. जुन्या नकाशातही ते होतं, नव्यातही आहे. वाद होता तो हिवरखेडच्या पुढच्या मार्गाचा. पण एका ब्लॉकला लाल लागला की मागची गाडी थांबते, हा रेल्वेचा नियम इथे अख्ख्या गावाला लागू झाला.

बातमीतला हिरवा कंदील कसा वाचायचा?

रेल्वेचा नवा मार्ग एका मंजुरीने होत नाही. ‘हिरवा कंदील’ असा मथळा दिसला की आत कोणता टप्पा लिहिलाय ते शोधा.

१. सर्वेक्षणाला मंजुरी. मार्ग कुठून जाऊ शकतो हे पाहायला परवानगी. अजून मार्ग ठरलेला नाही. रेल्वेच्या भाषेत हा फार तर एक पिवळा.

२. सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर. खर्च, पूल, स्टेशनं, उत्पन्न यांचा हिशेब. अहवाल ‘सादर झाला’ आणि ‘मंजूर झाला’ या वेगळ्या गोष्टी आहेत.

३. अर्थसंकल्पातली तरतूद. रेल्वेच्या कामांची यादी ज्या पुस्तकात छापली जाते त्याला ‘पिंक बुक’ म्हणतात. तिथे नाव आहे का यापेक्षा नावापुढे रक्कम किती, हे पाहा. काही कामांपुढे केवळ १,००० रुपये लिहिलेले असतात. काम यादीत जिवंत राहावं यासाठीची ती नाममात्र तरतूद असते.

४. भूसंपादन. मोजणी, नोटीस, हरकती, मोबदला, ताबा. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर परिणाम दिसू लागतो तो या टप्प्यात.

५. वन आणि वन्यजीव परवानगी. जमीन जंगलाची असेल तर वेगळी प्रक्रिया, संरक्षित क्षेत्र असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाचाही विचार. आधीच्या चार मंजुऱ्या या एका टप्प्यावर अडू शकतात, हे मेळघाटाने दाखवलं.

६. निविदा आणि काम. ‘निविदा निघाली’ म्हणजे कंत्राटदार नेमला असं नाही. ‘भूमिपूजन झालं’ म्हणजे जमीन पूर्ण ताब्यात आहे असंही नाही.

७. रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी. रूळ तयार झाल्यावर आयुक्त मार्ग तपासतात, वेगाची चाचणी घेतात. त्यांच्या परवानगीशिवाय नव्या मार्गावर प्रवासी गाडी धावू शकत नाही. हे आयुक्तालय रेल्वे मंत्रालयाखाली नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. बांधणारा आणि तपासणारा एकच असू नये म्हणून ही रचना आहे. सातही टप्प्यांत रुळावरच्या हिरव्याच्या सगळ्यात जवळ जाणारा टप्पा हाच.

यातला प्रत्येक टप्पा बातमीत ‘हिरवा कंदील’ म्हणून छापता येतो आणि छापलाही जातो. मथळा खोटा नसतो. पण वाचणाऱ्याला सात वेळा गाडी सुटल्याचा भास होतो. सातव्या कंदिलानंतरही लोक विश्वास ठेवत नाहीत, तेव्हा दोष त्यांचा नसतो.

म्हणून तीन प्रश्न पुरेसे आहेत. कंदील कोणी दाखवला, म्हणजे त्याला तो अधिकार आहे का, की ते रूझवेल्ट यांच्यासारखं वैयक्तिक मत आहे? कोणत्या टप्प्याला दाखवला? आणि पुढचा ब्लॉक मोकळा आहे का?

रेल्वेने मराठीला दिलेले आणखी काही शब्द

कंदील एकटा नाही. बिघडलेला संसार ‘रुळावर येतो’ आणि चांगली चाललेली चर्चा ‘रुळावरून घसरते’. लग्नाला दोन्हीकडून होकार आला की ‘लाइन क्लिअर’. नको असलेल्या कार्यकर्त्याला पक्ष ‘साइडिंगला टाकतो’, म्हणजे मुख्य मार्गावरून काढून बाजूच्या रुळावर उभा करतो. संधी हुकली की ‘गाडी सुटली’. आणि राजकारणात ‘लाल दिवा’ मिळणं हे यश मानलं जाई, कारण तो मंत्र्याच्या गाडीवर असे. १ मे २०१७ पासून ते दिवे गाड्यांवरून उतरले. शब्द मात्र बोलण्यात राहिला, जसा कंदील राहिला.

भाषेत वस्तू गेल्यावरही शब्द उरतात, त्यात गैर काही नाही. गार्डच्या हातात आता तेलाचा दिवा नाही, एलईडीची बॅटरी आहे. ‘हिरवा एलईडी’ असा मथळा कोणी करणार नाही आणि करूही नये. अडचण होते ती शब्दातली अट गळून पडते तेव्हा. स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनला विचारल्याशिवाय हिरवा दाखवत नसे. तो दाखवला की गाडी खरोखर हलत असे. त्याच विश्वासावर हा शब्द मराठीत टिकला आहे.

अकोटच्या पुढच्या मार्गाला हिरवा कंदील मिळाल्याची बातमी पुन्हा फोनवर आली, तर मथळ्यावर थांबू नका. खाली जाऊन टप्पा वाचा. सुरक्षा आयुक्तांच्या तपासणीचा उल्लेख दिसला तर वेळापत्रक शोधायला हरकत नाही. तोवर हिवरखेडच्या बोलीतला साधा प्रश्न सगळ्यात नेमका आहे: कंदील ठीक हाय, पण गाडी कवा?